गोदावरीच्या वतीने दाद कशी मागावी : नाशिककरांसाठी कायदेशीर वाटाड्या

गोदावरीला स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहता येते का, हा प्रश्न नाशिकमध्ये नदीसाठी धडपडणाऱ्यांच्या बैठकीत हमखास निघतो. त्याचे सरळ उत्तर असे, की आजच्या घडीला येत नाही. मात्र तिच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार कोणाही नाशिककराला आहे, आणि तो नीट वापरला तर नदीला ‘व्यक्ती’ ठरवून जे साधायचे असते त्यातले बरेचसे आहे त्याच कायद्यात पदरात पाडून घेता येते. ते कसे, हे पुढे सांगितले आहे. याचिका दाखल करण्याच्या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्यावाच. परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वीची निम्म्याहून अधिक तयारी आपली आपल्यालाच करावी लागते, आणि प्रकरणे बहुधा त्या तयारीतच तरतात किंवा बुडतात.

नदी ‘व्यक्ती’ ठरते म्हणजे काय होते

कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती म्हणजे केवळ माणूस नव्हे. कंपनी ही व्यक्ती आहे, महापालिका ही व्यक्ती आहे, आणि प्रतिष्ठापना झालेली देवमूर्तीही व्यक्ती आहे. देवस्थानच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव आणि व्यवहार पाहायला वहिवाटदार, ही व्यवस्था आपल्याकडे कोणाला नवलाची वाटत नाही. मूर्तीला स्वतःचे हित असते आणि तिची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९२५ मध्येच मान्य केले होते. गुरू ग्रंथसाहिबालाही सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायदेशीर व्यक्ती मानले. नदीला असा दर्जा मिळाला तर तीन गोष्टी बदलतात : माणसाचे नुकसान सिद्ध न करताही नदीचे नुकसान हेच दाव्याचे कारण ठरते, तिच्यासाठी बोलणारा पालक ठरलेला असतो, आणि मिळालेली भरपाई तिच्यावरच खर्च करावी लागते.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी गंगा आणि यमुना यांना असा दर्जा दिला आणि ‘नमामि गंगे’चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव व महाधिवक्ता यांना पालक नेमले. ७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. राज्य सरकारचे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते : नद्या अनेक राज्यांतून वाहतात, मग एका राज्याचे अधिकारी सगळ्या नदीचे पालक कसे, आणि पुरात माणसे वाहून गेली तर नुकसानभरपाई नदीकडून, म्हणजे तिच्या पालकांकडून मागायची काय? गोदावरी तर १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने उद्या तसा आदेश दिला तरी हाच पेच तेलंगण आणि आंध्र प्रदेशाच्या हद्दीवर उभा राहील.

याउलट न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नदीला २०१७ मध्ये संसदेच्या कायद्याने व्यक्तित्व मिळाले. तेथे दोन पालक असतात, त्यांपैकी एक स्थानिक माओरी समाजाने आणि एक सरकारने नेमलेला, आणि नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी स्वतंत्रपणे ठेवलेला आहे. बांगलादेशात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तुराग नदीच्या प्रकरणात नद्यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा देऊन राष्ट्रीय नदी संरक्षण आयोगाला पालक केले. चंडीगडच्या सुखना तलावाबाबत पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये असेच घोषित केले. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की पालक स्वतंत्र नसेल आणि पैशाची तरतूद नसेल तर नुसत्या घोषणेने नदीला काही मिळत नाही. नाशिकमध्ये उद्या महापालिका आयुक्तांनाच गोदावरीचे पालक केले, तर सांडपाण्याच्या प्रकरणात वादीही तेच आणि प्रतिवादीही तेच, अशी अवस्था होईल. म्हणून घोषणेची वाट पाहत बसण्यापेक्षा पुढील मार्ग धरावा.

दाद मागण्याचा अधिकार कोणाला

न्यायालयात उभे राहण्यासाठी पूर्वी स्वतःचे नुकसान दाखवावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालानंतर जनहितासाठी कोणीही दाद मागू शकतो हे स्थिरावले. प्रदूषणमुक्त पाणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, हे सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सांगितले गेले. गंमत अशी, की ज्या याचिकेत हे तत्त्व मांडले गेले ती याचिका स्वतः फेटाळली गेली, कारण याचिकाकर्त्याचा वैयक्तिक स्वार्थ न्यायालयाला दिसला. हे विसरू नये. ज्या कारखान्याविरुद्ध किंवा बांधकामाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी आपला जमिनीचा, नोकरीचा किंवा धंद्याचा वाद चालू असेल, तर आपण अर्जदार होऊ नये. कागद जमवावेत, मदत करावी, पण नाव दुसऱ्याचे असू द्यावे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणारे खास न्यायालय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १८ नुसार कोणतीही ‘व्यथित व्यक्ती’, तसेच प्रातिनिधिक संस्था किंवा संघटना अर्ज करू शकते, आणि पर्यावरणाच्या प्रकरणांत या शब्दांचा अर्थ उदारपणे लावला जातो. आपले घर नदीकाठी असलेच पाहिजे असे नाही. सिडकोत किंवा इंदिरानगरात राहणाऱ्यालाही नदीसाठी अर्ज करता येतो. संस्थेच्या नावाने जायचे असल्यास कार्यकारिणीचा ठराव आधी करून घ्यावा, अन्यथा पहिल्याच तारखेला समोरची बाजू त्यावर बोट ठेवते.

आणखी एक तत्त्व प्रत्येक अर्जात लिहावे. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या १९९७ च्या निकालात, बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलच्या सोयीसाठी वळवण्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने नदी, किनारा, जंगल यांसारख्या गोष्टींचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे असे ठरवले. नदीला पालक नाही असे म्हणण्यापेक्षा, तिचा विश्वस्त कायद्याने ठरलेला आहे आणि तो कर्तव्यात चुकला आहे, असे म्हणणे अधिक मजबूत ठरते.

पुरावा : नदीची बाजू कागदावर आणणे

बहुतेक तक्रारी ‘गोदावरी प्रदूषित झाली आहे’ या एका वाक्यावर अडकतात. ते वाक्य खरे असले तरी त्यावर कोणाला जबाबदार धरता येत नाही. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात पर्यावरणाचा ‘महत्त्वाचा प्रश्न’ कशाला म्हणावे याची व्याख्या आहे आणि तिच्यात प्रदूषणाचा विशिष्ट उगम दाखवता येणे हा एक निकष आहे. म्हणून सगळी नदी एकदम हाती घेऊ नये. सोमेश्वर ते तपोवन या पट्ट्यातला, किंवा गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी, वाघाडी, वालदेवी या प्रवाहांवरचा एकच नाला, एकच पाइप, भरावाची एकच जागा निवडावी.

निवडलेल्या जागेची नोंद कशी करायची ते जरा बारकाईने पाहू. दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, नाल्याच्या मुखाशी जावे. कोरड्या दिवसांत नाला वाहत असेल तर ते पावसाचे पाणी नव्हे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मोबाइलमध्ये स्थळ आणि वेळ उमटेल अशी सोय चालू करून तीन छायाचित्रे घ्यावीत : नाला मिळण्यापूर्वीचे नदीचे पाणी, प्रत्यक्ष मुख, आणि मिळाल्यानंतरचे पाणी. प्रत्येक छायाचित्रात पूल, घाटाची पायरी किंवा मंदिर असे न हलणारे काहीतरी आले पाहिजे. अहिल्यादेवी होळकर पूल किंवा गाडगे महाराज पूल दिसत असेल तर जागेविषयी वाद उरत नाही. मग वहीत तारीख, वेळ, पाण्याचा रंग, फेस, वास, तरंगणाऱ्या वस्तू, पानवेली, मेलेले मासे, धरणातून पाणी सोडलेले होते की नाही, हे लिहावे. ‘भयंकर दुर्गंधी’ असे न लिहिता ‘सडक्या अंड्यासारखा वास, मुखापासून वीस पावलांपर्यंत’ असे लिहावे. हीच नोंद ठरावीक अंतराने, शक्यतो पहाटे आणि रात्रीही करावी, कारण चोरून सोडले जाणारे पाणी कार्यालयीन वेळेत क्वचितच येते.

त्यानंतर आकडे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ रामकुंड, तपोवन अशा ठिकाणच्या पाण्याचे अहवाल संकेतस्थळावर देते. ते उतरवून घ्यावेत आणि स्नानासाठीच्या निकषांशी ताडून पाहावेत. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक हवा, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅम किंवा कमी हवा, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. आणि विष्ठाजन्य जिवाणूंची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरला २,५०० आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राचे ५३ होते आणि गोदावरी पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट प्राधान्यवर्गात होती. बीओडी ३० मिलिग्रॅमच्या वर गेलेले पट्टे या वर्गात येतात. मंडळाचे आकडे समोरची बाजू सहसा नाकारू शकत नाही, म्हणून त्यांचे मोल आपण स्वतः तपासून घेतलेल्या पाण्यापेक्षा अधिक आहे.

स्वतः बाटली भरून प्रयोगशाळेत देण्याचा मोह अनेकांना होतो. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २१ मध्ये नमुना कोणी, कसा घ्यावा, त्याचे भाग करून मोहोर कशी लावावी याची रीत ठरलेली आहे. सांडपाण्याचा नमुना त्या रीतीने घेतलेला नसेल तर कायदेशीर कार्यवाहीत त्याचा अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. शिवाय बीओडीसाठीचे पाणी लगेच थंड करून ठेवावे लागते आणि विरघळलेला प्राणवायू जागेवरच रसायन घालून बांधावा लागतो. खासगी अहवाल ‘मंडळाने येथे नमुना घ्यावा’ ही मागणी पटवून देण्यापुरता वापरावा. त्याच्यावर सगळे प्रकरण उभारू नये.

माहिती अधिकार कायदा, २००५ हे येथे सर्वांत स्वस्त आणि धारदार हत्यार आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा मोजकेच मागावे. उदाहरणार्थ : ‘तपोवन मलनिस्सारण केंद्राला मंडळाने दिलेल्या चालू संमतीपत्राची प्रत, मागील बारा महिन्यांतील केंद्रात येणाऱ्या व केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणी अहवालांच्या प्रती, आणि केंद्र अंशतः किंवा पूर्णतः बंद राहिल्याच्या नोंदवहीतील पानांच्या प्रती द्याव्यात.’ ‘केंद्र का चालत नाही’ असे विचारू नये. ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, नोंदवही देण्याचे आहे. संमतीपत्रातली मर्यादा आणि तपासणी अहवालातला आकडा शेजारी शेजारी ठेवले की कायद्याचा भंग आपोआप दिसतो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. याच कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे; तो फार थोडे लोक वापरतात. घाटावर किंवा पात्रात सिंहस्थाच्या नावाखाली काँक्रीट पडत असेल तेव्हा तो जरूर वापरावा.

तक्रार पात्रातील भरावाची किंवा बांधकामाची असेल तर जलसंपदा विभागाकडून त्या भागाचा पूररेषेचा नकाशा मागावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पुराची पातळी सांगणाऱ्या शहरात या रेषांचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही.

आधी तक्रार, मग दावा

पुरावा हाती आला की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक येथील प्रादेशिक कार्यालयाला, महापालिका आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पाणी कायद्याच्या कलम ३३ अ नुसार मंडळाला उद्योग बंद करण्याचे, त्याची वीज व पाणी तोडण्याचे निर्देश देता येतात. तक्रारीत या कलमाचा उल्लेख करून नेमका कोणता निर्देश हवा ते लिहावे. गोदावरी प्रदूषणाविषयी मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेतून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीची व्यवस्था उभी राहिली आहे; तक्रारीची एक प्रत तेथेही द्यावी.

उपद्रव तातडीचा असेल, म्हणजे फुटलेल्या गटारवाहिनीतून मैला थेट पात्रात जात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला सांगता येत नाही, हे रतलामच्या १९८० च्या निकालात याच स्वरूपाच्या जुन्या कलमाखाली ठरले आहे.

हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज

महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. अर्जदाराला वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये आहे. मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. कामकाजाची भाषा इंग्रजी असल्याने मराठी कागदांची भाषांतरे जोडावी लागतात. येथे घाई करू नये. ‘नाला’, ‘ओहोळ’ आणि ‘गटार’ यांची भाषांतरात गल्लत झाली की नैसर्गिक प्रवाह आणि सांडपाणी वाहिनी यांतला भेदच पुसला जातो.

मुदतीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खालचा, म्हणजे पर्यावरणाच्या वादाचा निवाडा मागणारा अर्ज वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळतात. कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी असेल तर मुदत पाच वर्षे आहे. नाला वीस वर्षे वाहतो आहे असे अर्जात अभिमानाने लिहिणारे लोक स्वतःच मुदतीचा आक्षेप समोरच्याच्या हाती देतात. कोणत्या तारखेला कोणत्या मर्यादेचा भंग झाला, तक्रार केव्हा केली आणि ती केव्हा दुर्लक्षिली गेली, हे ताज्या कागदांवरून मांडावे.

या न्यायाधिकरणाचे अधिकार ठरावीक सात कायद्यांपुरते आहेत. त्यात पाणी कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा आणि जैवविविधता कायदा आहेत, पण वन्यजीव संरक्षण कायदा नाही. प्रवाहाच्या खाली नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे, ज्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला आहे. तेथील तक्रार वन्यजीव कायद्यावर आधारलेली असेल तर उच्च न्यायालयात रिट किंवा जनहित याचिका करावी. रामकुंड परिसरातील प्राचीन कुंडांच्या वारशाचा प्रश्नही तेथेच अधिक शोभतो.

अर्जदार म्हणून ‘गोदावरी नदी, तर्फे अमुक’ असे लिहावे का, असे विचारले जाते. कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत कृत्रिम कायदेशीर व्यक्ती येते खरी, पण गोदावरीला ती ठरवणारा आदेश नाही, मग पहिले कित्येक महिने प्रदूषणाऐवजी नावावरच वाद होतो. स्वतःच्या नावाने जावे आणि नदीचे हित मागण्यांमध्ये उतरवावे. खरा फरक तेथे पडतो. ‘परिसरातील नागरिकांना होणारा त्रास थांबवावा’ ही माणसाची मागणी झाली. वास येऊ नये म्हणून नाल्यावर स्लॅब टाकला की ती पूर्ण होते आणि नदी होती तशीच राहते. त्याऐवजी पुढील धर्तीवर लिहावे :

‘अमुक नाल्याच्या मुखापासून अमुक पुलापर्यंतच्या पात्रात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाणार नाही अशा रीतीने सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया करण्याचा, तारखांसह कृती आराखडा प्रतिवादींनी सादर करावा. निळ्या पूररेषेच्या आत टाकलेला भराव प्रतिवादींच्या खर्चाने काढून पात्र पूर्ववत करावे. उन्हाळ्यात पात्रात किमान किती प्रवाह राहिला पाहिजे हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. वसूल होणारी पर्यावरणीय भरपाई स्वतंत्र खात्यात ठेवून याच पट्ट्याच्या पुनरुज्जीवनासाठी खर्च करावी आणि तिचा हिशेब जाहीर करावा.’

श्वास, जागा, प्रवाह आणि पैसा : व्हांगानुईला कायद्याने जे दिले त्याच्या जवळ जाणारे हे सगळे न्यायाधिकरणाला कलम १५ आणि २० खाली देता येते. कलम २० मध्ये शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषण करील तो भरील’ ही तीन तत्त्वे लागू करण्याचे बंधनच आहे. केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ आणि जिल्हाधिकारी यांच्या संयुक्त पाहणीची मागणीही करावी; ती मान्य झाली की पाणी कायद्याच्या कलम २१ च्या रीतीने नमुने घेतले जातात आणि आपल्या वहीतील नोंदी अधिकृत कागदाला जोडल्या जातात. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, नोंदी सोबत न्याव्यात आणि पथकाला नेमक्या मुखाशी उभे करावे, कारण वरच्या रस्त्यावरून नदी नेहमीच बरी दिसते.

प्रतिवादींमध्ये महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी असावेतच. नाला सातपूर किंवा अंबड वसाहतीतून येत असेल तर औद्योगिक विकास महामंडळ, आणि प्रवाहाची मागणी असेल तर जलसंपदा विभाग. पुरावा नसताना एखाद्या कारखान्याचे नाव घालू नये. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याचा खर्च अर्जदाराकडून वसूल करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

आदेश मिळाल्यानंतर

आदेशातील प्रत्येक मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्याविरुद्ध ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होऊ शकते, तेव्हा निकाल लागताच तेथे कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल करण्याबाबत वकिलाशी बोलावे. कलम २५ नुसार न्यायाधिकरणाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो आणि कलम २६ नुसार आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १० कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुदत उलटली की नवी तक्रार करत बसू नये, थेट अंमलबजावणीचा अर्ज करावा. त्यासोबत मंडळाचे ताजे अहवाल, पूर्वीच्याच जागेवरून घेतलेली छायाचित्रे आणि भरपाईच्या खात्याचा माहिती अधिकारात मिळालेला हिशेब जोडावा. भरपाई जमा होऊन तशीच पडून असेल तर तो हिशेबच सर्वांत आधी दाखवावा.